साडेनऊ किलो

"सगळ्याचं मिळून वजन किती?" बॅगवाल्या ताईंनी विचारलं आणि फोटोवाल्यांची पंचाईत झाली.

लेन्सबद्दल, फ्लॅशबद्दल, उजेडाबद्दल काहीही विचारलं असतं तरी त्यांनी झोपेतून उठून अचूक सांगितलं असतं. पण वजन? ते त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. "असेल चार-पाच किलो," त्यांनी ठोकून दिलं.

"अंदाजाने नको, काका. सॅक वजनावर घ्यायची असते, रंगावर नाही. काढा बघू सगळं बाहेर."

दुकान असं, की दोन गिऱ्हाइकं आली तर एकाने पायरीवर थांबावं. छतापासून जमिनीपर्यंत बॅगाच बॅगा आणि मधे एक शिलाई मशीन. ताई नव्या बॅगा विकायच्या आणि जुन्या शिवूनही द्यायच्या. या दुकानाचं कार्ड फोटोवाल्यांना त्यांच्या जुन्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात सापडलं होतं. ते तिथे कसं आलं असेल, हा प्रश्न काही त्यांना पडला नव्हता.

असे बरेच प्रश्न त्यांना पडत नसत. त्रेसष्ट वर्षांचे झाले होते, अख्खी गल्ली त्यांना 'फोटोवाले' म्हणे, आणि एकदा डोळा कॅमेऱ्याला लागला की बाकीचं जग वहिनी सांभाळत. वहिनी म्हणजे त्यांची बायको. गल्लीने ठेवलेलं नाव. एकतीस वर्षं प्रत्येक कामावर वहिनी त्यांच्या मागे दोन पावलांवर उभ्या असायच्या, उजव्या खांद्याला ही बॅग अडकवून. चार महिन्यांपूर्वी त्या गेल्या. तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत खेळ आटोपला.

आता रविवारी एक लग्न होतं. वहिनी असतानाच घेतलेलं काम. त्यांची मुलगी म्हणत होती, "बाबा, नाही म्हणून कळवा. एकट्याने नाही झेपायचं तुम्हाला. स्टुडिओ आवरा आणि आमच्याकडे चला राहायला." फोटोवाले हट्टाला पेटले होते. "रविवार निभावला नाही तर स्वतः कुलूप घालीन," असा शब्दच देऊन बसले होते. मग मुलीनेच सुचवलं, निदान पाठीवरची चांगली सॅक तरी घ्या, हात मोकळे राहतील.

काउंटरवर सामान निघू लागलं. दुसरा कॅमेरा, तीन लेन्स, दोन फ्लॅश, बॅटऱ्यांचा डबा, चार्जर, घडीचा स्टँड. इथपर्यंत ओळखीचं होतं. मग पाण्याची बाटली निघाली, पंचा, कंगवा, सेफ्टी पिनांची डबी, सुईदोरा, डोकेदुखीच्या गोळ्या आणि बिस्किटांचा अर्धा पुडा. नवरीचा पदर सुटला की पिन, नवरदेवाचे केस उडाले की कंगवा, आणि फोटोवाल्यांचा पारा चढला की बिस्किटं, असा तो सगळा बंदोबस्त होता. पुडा वरून दुमडून त्याला रबर लावलेलं होतं. फोटोवाल्यांनी तो चटकन खिशात टाकला.

ताईंनी बाकीचं सगळं परत भरलं आणि बॅग हुकाच्या काट्याला लटकवली.

"साडेनऊ."

"काटा बिघडलाय तुमचा."

"काटा बरोबर आहे, काका. गळ्यातला कॅमेरा तर मी धरलाच नाहीये."

ताईंनी वरची एक काळी सॅक काठीने उतरवली आणि उलटी करून त्यांच्यासमोर धरली. "हे बघा. सॅक कापडात फाटत नाही, इथे फाटते. पट्टा जिथे जोडलाय तिथे. इथे दुहेरी शिवण हवी आणि आतून पट्टी मारलेली हवी. ओढा जोरात. लाजू नका, ओढा! चेन जाड दातांची. तळाला जाड अस्तर, म्हणजे दगडावर टेकली तरी लेन्सला धक्का नाही. हिला दहा वर्षं मरण नाही." बोलून झाल्यावर त्यांनी जीभ चावली, समोरच्या माणसाचं वय त्यांच्या लक्षात आलं असावं.

"आणि लेन्स काढायला?" फोटोवाल्यांनी विचारलं.

"सॅक उतरवायची, टेकवायची, चेन उघडायची. दहा-पंधरा सेकंद लागतात."

बोलता बोलता ताईंनी जुनी बॅग फिरवली, पट्ट्याचं टोक अंगठ्याने चाचपलं आणि त्या थांबल्या. "ही शिवण माझ्या हातची आहे. तीन वेळा शिवलाय मी हा पट्टा. ही काकूंची बॅग ना? त्या नाही आल्या?"

"गेली ती," फोटोवाले म्हणाले. "चार महिने झाले."

ताई मशीनसमोरच्या स्टुलावर बसल्या. बॅग त्यांनी मांडीवर घेतली. "मी दर वेळी सांगायचे त्यांना, काकू, सॅक घ्या, दोन्हीकडे सारखा भार पडेल. एकदा ऐकलं होतं त्यांनी. हीच सॅक, अशीच भरून दिली मी. पाठीला लावून त्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन आल्या. म्हणाल्या, अगं, काहीच वाटत नाही गं! मग उतरवून ठेवली आणि म्हणाल्या, तू आपला पट्टाच शिवून दे."

"का?"

"लेन्स काढायला वेळ लागतो म्हणाल्या. तेवढ्यात यांचा फोटो जाईल."

फोटोवाल्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं. तिकडेही बॅगाच होत्या. एकदा, फार वर्षांपूर्वी, त्यांनी वहिनींना विचारलं होतं, जड होते का गं? वहिनी म्हणाल्या होत्या, छे, सवय आहे. त्यांनी विश्वास ठेवला. विश्वास ठेवणं सोयीचं होतं म्हणून ठेवला, आणि ते आज त्यांना पुरतं कळलं. त्यांना स्वतःची शरम वाटली.

"हीच द्या," ते म्हणाले.

रविवारी सकाळी ते सॅक पाठीला लावून हॉलवर पोचले. पहिला तास बरा गेला. सॅक चांगलीच होती. छातीवरचं बक्कल लावलं की हालत नव्हती, पट्टे रुतत नव्हते. गर्दीत मागे वळताना तेवढी कुणाकुणाला लागत होती आणि ते "माफ करा, माफ करा" करत होते.

मग नवरीचे आजोबा आले. त्यांना चाकांच्या खुर्चीतून आणलं होतं आणि ते हॉलच्या दुसऱ्या टोकाला थांबले होते. नवरी स्टेजवरून उठली, पळत त्यांच्याकडे गेली आणि खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली. म्हाताऱ्याने दोन्ही हातांत तिचा चेहरा घेतला.

फोटोवाल्यांच्या कॅमेऱ्याला जवळची लेन्स होती. त्यांनी डोळा न काढता डावा हात मागे केला, तळवा वर करून. एकतीस वर्षं या हातात हवी ती लेन्स यायची, झाकण काढलेली, आणि काढलेली लेन्स कुणीतरी अलगद घेऊन जायचं. कुठली हवी हे सांगावं लागत नसे. हात तसाच राहिला. शेजारून जाणाऱ्या एका बाईंना वाटलं त्यांना पेला ठेवायला जागा हवी आहे, म्हणून त्यांनी रिकामा पेला त्या हातात दिला.

फोटोवाल्यांनी पेला खाली ठेवला. बक्कल सोडलं, सॅक उतरवली, टेकवली, चेन उघडली. लेन्स लावून वर पाहिलं तेव्हा आजोबा रुमालाने चष्मा पुसत होते आणि नवरी स्टेजकडे परत निघाली होती.

दिवसभरात त्यांनी अकरा वेळा सॅक उतरवली. अकराही वेळा उशीर झाला. 'फोटोवाल्यांच्या हातून एक क्षण सुटत नाही,' असं लोक म्हणायचे आणि ते मान डोलावून ऐकून घ्यायचे. निघताना नवरीच्या आईने विचारलं, "आमच्या बाबांचा तो फोटो आला ना हो?"

"चुकला," फोटोवाले म्हणाले. "माझी बायको असती तर आला असता."

तिला वाटलं, हे दुःखाने बोलताहेत. तिने त्यांच्या हातावर हात ठेवला. ते साधा हिशोब सांगत होते, हे तिला कळायचं काही कारण नव्हतं.

ऊन कलताना ते स्टुडिओत आले. मागच्या खोलीत शर्ट काढून आरशासमोर उभे राहिले. दोन्ही खांद्यांवर पट्ट्यांचे लाल वळ उठले होते, सारखेच. ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांची नजर भिंतीवरच्या फ्रेमकडे गेली.

वहिनींचा तो फोटो त्यांनीच काढलेला होता. वहिनींचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली असायचा. चांगला दोन बोटं खाली. ती त्यांची उभं राहण्याची खोड आहे असं फोटोवाले धरून चालले होते. दर फोटोच्या वेळी ते कॅमेऱ्यामागून ओरडायचे, "खांदा वर घे! किती वेळा सांगायचं?" वहिनी हसून खांदा उचलायच्या आणि बटण दाबेपर्यंत तो पुन्हा खाली यायचा. त्या गेल्यावर फ्रेम करायची वेळ आली तेव्हा फोटोवाल्यांनी कॉम्प्युटरवर बसून दोन तास खपून तो खांदा उचलला. डाव्याच्या अगदी रेषेत आणला. कुठे जोड दिसत नव्हता. आपल्या कामावर ते तेव्हा खूश झाले होते.

त्यांनी कॉम्प्युटर लावला. मूळचा फोटो शोधून काढला. त्यात त्यांनी काही केलं नाही, डाग काढले नाहीत, उजेडही वाढवला नाही. प्रिंट काढला, फ्रेम उघडली, जुना फोटो काढून हा बसवला आणि टांगला.

मुलगी डबा घेऊन आली तेव्हा ते टेबलावरचं सामान खोक्यात भरत होते. तिने एकदा खोक्याकडे आणि एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"निभावलं नाही गं," ते म्हणाले. "उद्यापासून आवरायला घेऊ. तुझी आई होती म्हणून फोटो निघत होते."

कुलूप घालायचा शब्द त्यांनी मुलीलाच दिला होता आणि आता तो खरा होत होता तर तिचे डोळे भरून आले. काहीतरी करायचं म्हणून ती इकडेतिकडे पाहू लागली. भिंतीवरची फ्रेम तिला एका बाजूला कललेली दिसली. ती पुढे झाली आणि सरळ करायला तिने कोपरा धरला.

"फ्रेम सरळच आहे," फोटोवाले म्हणाले.

तिने पुन्हा नीट पाहिलं. मग कोपऱ्यावरचा हात काढून तिने तो आईच्या उजव्या खांद्यावर, काचेवरूनच, ठेवला.