सेवेरचे सत्तावीस गुण

ज्याने कोणी हा खेळ शोधून काढला, त्याचे हात चुंबावेत असं मला वाटतं. शहराने वसंतात जाहीर केलं: गाडी दारात ठेवा, ट्राममध्ये पास टेकवा, दिवसाला एक गुण तुमच्या जिन्याला. याश शहरातल्या आमच्या इमारतीला जिने दोन, अ आणि ब. ब जिन्याचा कारभार मी, ओटिलिया, बघते. नळ बंद राहणार असला की ज्या फळ्यावर मी चिठ्ठी लावते, त्याच फळ्यावर दोन्ही जिन्यांचे गुण नावानिशी लावले. शून्यवाल्यांचेसुद्धा. आमचे लोक त्या फळ्याला घाबरतात तेवढे पोलिसालाही घाबरत नाहीत.

शून्यावर एकटा चौथ्या मजल्यावरचा सेवेर उरला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, एके काळचा क्रेनचालक. पाव आणायलाही आपली जुनी डाचिया गाडी काढणार! मार्चमध्ये शाळेपाशी त्याच्या गाडीसमोरून एका बाईने बाबागाडीसकट फुटपाथवर उडी घेतली म्हणून ती वाचली. ती त्याला दिसलीच नव्हती.

परदेशातून, तोरिनोहून त्याच्या मुलीचा, स्मरांडाचा फोन आला. "तांती ओटिलिया, बाबांची किल्ली काढून घ्या हो. डोळ्यांचे डॉक्टर नाही म्हणालेत. माझं कुठं ऐकतात?"

मी प्रयत्न केला. तो म्हणाला, "किल्ली गेली की मी संपलो, बाई. मग मला पाटावर बसवा आणि लापशी भरवा."

दुसऱ्या दिवशी तो फळ्यासमोर थबकला. "चष्मा वरती राहिला. जरा वाचा बघू."

चष्मा नाकावरच होता. मी वाचलं, "अ जिना, पनाइते, अकरा. ब जिना, सेवेर, शून्य."

"पनाइतेला अकरा? चाळीस वर्षं माझ्या पार्किंगवर डोळा ठेवून बसलाय, त्याला अकरा?"

सकाळी स्वारी टाय लावून थांब्यावर हजर. "गाडी हलली नाही, म्हणजे जागा पनाइतेच्या घशात जात नाही. आहे की नाही डोकं?" कुठली ट्राम आली हे तो चाकांच्या आवाजावरून सांगायचा, आणि एकदाही चुकला नाही. मी तर बघतच राहायचे. आणि रोज निघताना फळ्यावर हात टेकून आपले गुण माझ्याकडून वाचून घ्यायचा.

मे संपला तसा खेळही संपला. तीन गुणांनी अ जिना जिंकला. सेवेरचे सव्वीस झाले. रविवारी मी फळ्यावरचा गुणांचा कागद उतरवला, पण रात्रभर डोळा लागला नाही. सोमवारी तो पुन्हा गाडीत बसला तर?

सोमवारी आठला तो खाली आला. टाय होता, आणि हातात गाडीची किल्ली.

"वाचा," तो म्हणाला.

फळ्यावर नुसत्या चार टाचण्या होत्या. मी धडधडीत खोटं वाचलं, "ब जिना, सेवेर, सत्तावीस."

त्याने हसत फळ्यावरून तळहात फिरवला. "कागद काल निघालाय, नेहमी इथं खरखरतो. हाताला कळतं, बाई."

मला मान वर करवेना. त्याने किल्ली माझ्या एप्रनच्या खिशात सोडली.

"स्मरांडाला सांगा, पनाइतेची जिरवायची म्हणून गाडी सोडली. डोळ्यांचं काही बोलू नका."

"नाही बोलणार, सेवेरदादा."

"आणि उद्या अठ्ठावीस वाचा. मोठ्याने वाचा, त्या पनाइतेला ऐकू गेलं पाहिजे."