नावाडी परत आला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. हात नसलेली, सरळ पाठीची, बसताना जराशी कुरकुरणारी. माझ्यावर बसून एक जाडजूड कादंबरी लिहिली गेली. तिच्यात राक्षसांचा राजा आहे, पेटलेले आकाश आहे आणि तलवार घेतलेली एक शूर मुलगी आहे. पण मला सांगायचे आहे ते एका नावाड्याबद्दल. त्या कादंबरीत त्याच्या वाट्याला सुरुवातीला जेमतेम दोन-चार पाने आली होती.

मला एका सुताराने आपल्या मुलीसाठी घडवले. ती तेव्हा एवढीशी होती. माझ्यावर बसली की तिचे पाय अधांतरी लोंबत. सुतार म्हणे, मापाची केली असती तर वर्षभरात टाकावी लागली असती. ही तिला म्हातारपणीसुद्धा पुरेल. माझ्या कडा त्याने इतक्या मायेने घासल्या, की तिच्या फ्रॉकचा धागासुद्धा कधी अडकला नाही. शेजारपाजारचे लोक मला बघायला येत आणि मीही जरा तोऱ्यातच असे.

मग मुलीची आई आजारी पडली. घरात औषधांचा वास भरून राहिला. सुतार कामासाठी म्हणून दूरच्या शहरात गेला आणि आला नाही. आई गेली, तेव्हाही आला नाही. मुलीला तिच्या मावशीने सांभाळले. मुलीने मला माळ्यावर नेऊन उलटे टाकले. पाय वर करून मी कितीतरी वर्षे तिथे पडून होते. धूळ खाणे म्हणजे काय, ते मला विचारा. कोळ्यांनी मात्र मला फार जीव लावला.

मुलगी मोठी झाली आणि छापखान्यात मुद्रिते तपासू लागली. सकाळी कामावर जाण्याआधी ती कादंबरी लिही. बाजारातून आणलेली खुर्ची मोडली, तेव्हा मावशीने मला खाली काढून ओल्या फडक्याने पुसले. लेखिकेचे तोंड फुगलेले बघून ती म्हणाली, "त्याच्यावर राग धर हवा तेवढा. खुर्चीने काय घोडं मारलंय तुझं?"

लेखिका बसली. पाय आता जमिनीला टेकत होते.

लिहून झाले की ती मावशीला वाचून दाखवी. नावाडी भित्रा होता. राक्षसांची फौज आली, तेव्हा काठावरच्या माणसांना, एका लहान पोरीलासुद्धा, तसेच सोडून तो एकटाच नाव घेऊन पळाला. शेवटच्या लढाईत त्याला बुडवून मारायचे, असे लेखिकेने ठरवूनच टाकले होते. मावशी शेंगा सोलत ऐके.

त्याच सुमारास सुतार परत आला. केस पिकलेले, हातात हत्यारांची पिशवी. मावशीने त्याला घरात घेतले, पण पाहुणा म्हणून नाही. खिडक्या नीट लागत नव्हत्या, त्या दुरुस्त करायला सांगितल्या. तो रोज सकाळी येई आणि मुकाट्याने काम करी. लेखिका त्याला परक्यासारखे 'तुम्ही' म्हणे. मला त्याने पाहताक्षणी ओळखले होते. जाता-येता माझ्या पाठीवरून हात फिरवी, पण तिच्यासमोर कधीच नाही.

एकदा रंधा मारता मारता नावाड्याच्या मरणाचा बेत त्याच्या कानांवर आला. त्याने विचारले, "तो परत आला, तर त्याला काही काम देशील का?"

"शूरांच्या गोष्टीत त्याला जागा नाही."

"जागा नाही मागत. काम विचारतोय."

लेखिका अशी ताडकन उठली, की मी मागे कलंडले. "तू का नाही आलास?" तिने विचारले. 'तुम्ही' कुठल्या कुठे गेले होते.

सुताराने रंधा खाली ठेवला. भ्यालो, म्हणाला. तिच्या आईला जाताना बघायची हिंमत नव्हती, आणि मागाहून मुलीला तोंड दाखवायची. त्याने माफी मागितली, पण ती मिळालीच पाहिजे असा हट्ट धरला नाही. मला उचलून सरळ उभे केले आणि त्या दिवशी लवकर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो येतो की नाही, याची मला धाकधूक होती. आला. मावशीने न विचारता त्याच्यापुढे चहा ठेवला.

लेखिका बरेच दिवस नुसती लिहीत आणि खोडत राहिली. मग एका सकाळी ती मावशीला वाचून दाखवू लागली, नेहमीपेक्षा मोठ्याने, दार उघडे ठेवून. नावाडी परत आला होता. कोणी त्याला मिठी मारली नाही. शूर मुलीने त्याच्या हातात वल्हे दिले आणि जखमींकडे बोट दाखवले. वर आकाश पेटले होते, तलवारी खणखणत होत्या आणि खाली तो एकेकाला पैलतीरी नेत होता. जय शूर मुलीचा झाला, गाणीही तिचीच झाली. पण सगळे शांत झाल्यावर, ज्या पोरीला त्याने काठावर सोडले होते, ती येऊन त्याच्या नावेत बसली.

बाहेरचा रंधा कधीचा थांबला होता.

"बसली का ती?" सुताराने दारातून विचारले.

"बसली."

"बोलली काही?"

"अजून नाही."

"असू दे. बसली, तेवढं पुष्कळ झालं."

पुढे कादंबरी छापून आली. मुले लेखिकेला रस्त्यात गाठतात आणि शूर मुलीबद्दल नाही, नावाड्याबद्दलच विचारत राहतात. सुतार आता याच घरात राहतो. खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून बापलेकीत रोज भांडण होते. मावशी म्हणते, आता कुठे हे घर घरासारखे वाटायला लागले.

मित्रांनो, जुन्या वस्तू अडगळीत टाकू नका, एवढे तर कुठलीही खुर्ची सांगेल. मी आणखी थोडे सांगते. चुकलेले माणूस दारात आले आणि तुम्हाला त्याला लगेच माफ करता आले नाही, तर नका करू. पण त्याला ताटकळत उभे ठेवू नका. काहीतरी काम द्या, आणि दमले की बसायला सांगा. पुढचे आम्ही खुर्च्या बघून घेतो.