मैनेच्या डोळ्याखालचा भोवरा

गुणाजी मोतद्दाराचं तोंड वाईट होतं, हे त्याचं त्यालाही ठाऊक होतं. पण घोड्याबाबत त्या तोंडातून आजवर खोटा शब्द निघाला नव्हता. जनावर बघून तो जे सांगायचा ते वडाळ्यापासून भायखळ्यापर्यंतचे तबेलेवाले मान खाली घालून ऐकायचे. चाळीस वर्षांत कमावलेली एवढी एकच चीज त्याच्यापाशी होती. बाकी काय, दोन धोतरं आणि एक खरारा.

अँटॉप हिलच्या पायथ्याशी, मिठागरं सुरू होतात तिथं, मनमोहनराव विजयकरांची बाग होती. विजयकर म्हणजे जुने मुंबईकर प्रभू. जमीन आजोबांनी केलेली, बंगला बापानं बांधलेला, मनमोहनरावांच्या वाट्याला नुसता रुबाब उरलेला. तो सांभाळायला त्यांनी बंगल्यात पाहुणे ठेवायला सुरुवात केली होती. दिवाळीपासून होळीपर्यंत गिरगाव-दादरची खाऊनपिऊन सुखी माणसं हवापालटाला यायची, आठपंधरा दिवस राहायची आणि सकाळी मिठागरांच्या बांधावरून घोड्यावर रपेट करायची. घोडी तीन. म्हातारा नवाब, पोरांना फिरवायचं एक तट्टू, आणि मैना.

मैना यंदाच्या दिवाळीत आली. मनमोहनरावांनी ती गुणाजीला न विचारता घेतली, आणि तेच त्याला लागलं होतं. चाळीस वर्षं घोडी राखलेला मोतद्दार दाराशी बसलेला असताना मालक परभारे घोडी घेतो? वर म्हणालेही, "बघ, असं जनावर तुझ्या बापानं पाहिलं नसेल." घोडी मात्र होती खरंच देखणी. तांबूस काळी, लांब मानेची, खोगिराखालीही चालायची आणि बग्गीलाही. उत्तरेकडच्या थंडीतून आलेली, त्यामुळे अंगावर केस इतके दाट की बोट रुतावं. गुणाजीनं आठ दिवस तिच्याशी अबोला धरला. नवव्या दिवशी तिनं त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकवली आणि म्हातारा विरघळला.

माघ लागला तसे तिचे थंडीचे केस झडू लागले. रोज पहाटेच्या धुक्यात खरारा फिरवला की मूठमूठ निघायचे. आणि एका सकाळी, डाव्या गालावरचे केस गेल्यावर, गुणाजीला भोवरा दिसला. पैशाएवढी केसांची गोल गिरकी, थेट डोळ्याखाली, आसू ओघळतं त्या जागी. आसूढाळ! घोड्याच्या अंगावरच्या सगळ्या भोवऱ्यांत हा वाईट. असं जनावर ज्या दारात उभं राहतं त्या दारातलं रडं हटत नाही, हे गुणाजीला त्याच्या बापानं सांगितलं होतं, आणि बापाला त्याच्या बापानं. गुणाजीचा त्यावर देवाइतका विश्वास होता.

असं काही दिसलं की त्याच दिवशी मालकाला सांगायचं, हा मोतद्दाराचा धर्म. गुणाजीनं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मैना दुसऱ्या दिवशी बाजारात उभी राहिली असती, आणि आसूढाळ घोडीला चांगलं गिऱ्हाईक कुठलं? कुणीतरी विटांच्या गाड्याला जुंपून मारली असती.

"गप रव गे बाय," तो तिच्या कानात म्हणाला. "मी काय बघूक नाय, तू काय दाखवूक नाय."

तेवढ्यात शहर पेटलं. छप्पन साल ते. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं रेडिओवरून सांगितलं गेलं आणि गिरगावापासून लालबागपर्यंत माणसं रस्त्यावर उतरली. हरताळ, दगड, अश्रुधूर, गोळीबार, संचारबंदी. बागेत आता हौसेचे पाहुणे उरले नाहीत, पळून आलेले तेवढे आले. गिरगावच्या मृणालिनीबाई कीर्तिकर आपल्या लेकीला, वासंतीला, घेऊन आल्या. वासंतीला नववा लागलेला, पहिलटकरीण. नवरा नोकरीनिमित्त मद्रासला. घराच्या खिडकीखाली अश्रुधुराची नळकांडी फुटायला लागल्यावर बाईंनी लेकीला उचललं आणि बाग गाठली.

त्या आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी लालबागहून गुणाजीला निरोप आला. त्याचा मुलगा दौलत, गिरणीत सूतखात्यात होता, त्याच्या मांडीत गोळी घुसली होती. परळच्या इस्पितळात पडलाय, म्हणे.

गुणाजी तसाच, हाताला लीद लागलेली, ओटीवर गेला. मनमोहनराव आणि मृणालिनीबाई चहा घेत होते.

"मालक, आजचा दिवस रजा द्या. दौलतला गोळी लागली."

मनमोहनरावांनी वर्तमानपत्र खाली केलं नाही. "घरात बसलेल्याला गोळी लागत नाही, गुणाजी. दगड मारायला गेला असेल."

"दूध आणूक गेलो होतो तो."

"सगळे दूधच आणायला जातात. आणि इकडे जनावरं कोण बघणार? पाहुण्यांची रपेट? उद्या बघू."

"या गिरणगाववाल्यांनी तर आम्हाला घर सोडायला लावलं," मृणालिनीबाई कपात बघत म्हणाल्या.

गुणाजीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पोटचा पोर तिकडे रक्तानं माखून पडलाय आणि यांना रपेट सुचते!

"रपेट?" तो गरजला. "करा, करा रपेट! मोठे पारखी ना तुम्ही, मला न विचारता घोडी घेतलीत ना? आसूढाळ आहे ती! डोळ्याखाली भोवरा आहे तिच्या! जिथं उभी राहील तिथं रडं आणील, आणि तुम्ही भरल्या पोटाची बाई घरात आणून ठेवलीत!"

बोलून गेला आणि त्याला दारात उभी असलेली वासंती दिसली. पोटावर हात ठेवून ती त्याच्याकडे बघत होती. चेहरा पार पांढरा पडलेला. गुणाजीला आपली जीभ तोडून टाकावीशी वाटली. पण गेलेला शब्द काय, गेला.

मनमोहनराव घोडी बघायला गेले नाहीत. बघायला जाणं म्हणजे आपली पारख चुकली असेल हे मान्य करणं, आणि ते विजयकरांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी फक्त एवढंच सांगितलं, की रस्ते सुरू झाले की घोडी विकायची आणि त्याच्यामागोमाग मोतद्दारही घालवायचा. मृणालिनीबाईंनी मैनेला बंगल्याच्या नजरेआड, मागच्या चिंचेखाली बांधायला लावलं. संध्याकाळी पुन्हा संचारबंदी लागली. रजा राहिली बाजूला, फाटकाबाहेर पडण्याचीही सोय उरली नाही.

दोन दिवस बंगल्यातलं कुणी गुणाजीशी बोललं नाही. स्वयंपाकीणबाई ताट जमिनीवर सरकवायची आणि पाठ फिरवायची. नवाबाचा पाय सुजला, तोही गुणाजीच्या तोंडामुळेच असं ठरलं. दौलतची काही खबर नव्हती. गुणाजी चिंचेखाली जाऊन बसायचा आणि मैना त्याच्या मुंडाशात नाक खुपसायची.

"तुझो गळो मीच कापलंय गे," तो म्हणायचा. तिला काय कळणार!

तिसऱ्या दिवशी, दुपारची जेवणं आटोपत होती, तेव्हा वासंती किंचाळली. दिवस भरायला अजून तीन आठवडे होते. पाण्याबरोबर रक्त जायला लागलं आणि थांबेना. टेलिफोन बंद. मोटार आठवडाभर दादरला दुरुस्तीला पडलेली. सूतिकागृह माटुंग्याला, दोन मैलांवर, आणि संचारबंदीत रस्त्यावर टॅक्सीचं नाव नाही. नवाब लंगडा, तट्टू बग्गीला जुंपण्यातलं नाही. मनमोहनराव ओटीवर नुसते येरझारा घालत होते, कुणावर ओरडावं ते न कळून सगळ्यांवर ओरडत होते.

गुणाजीनं कुणाला विचारलं नाही. मैनेला बग्गी जोडली आणि पायऱ्यांशी आणून उभी केली.

मृणालिनीबाई दोन्ही हात पसरून दारात उभ्या राहिल्या. "त्या घोडीमागे माझी लेक बसणार नाही. मरायचीच असेल तर इथं घरात मरेल!"

"अहो, काय बोलताय!" मनमोहनराव म्हणाले.

"मी नाही बोलले. हा बोलला!" त्यांनी गुणाजीकडे बोट केलं. "आणि हा म्हणतो ते खरं असतं, तुम्हीच सांगितलंत मला."

आतून वासंतीचं कण्हणं ऐकू येत होतं, मघापेक्षा बारीक. मनमोहनराव गुणाजीवर धावून गेले. "सांग त्यांना! खोटं बोललास म्हणून सांग!"

गुणाजीनं मैनेच्या तोंडाशी लगाम धरला होता. भोवरा होता. त्याच्या तळहाताला तो लागत होता. या बाईला हिच्यामागे बसवायचं म्हणजे जाणूनबुजून आगीत ढकलायचं, असं त्याचं मन सांगत होतं. पण न नेली तर संध्याकाळपर्यंत ती जाणारच, त्याला भोवरा लागत नाही.

"खोटं बोललो, बाईसाहेब," तो म्हणाला. "मालकाचा राग आला होता. तोंडाला आलं ते बोललो."

"मोतद्दार घोड्याबद्दल खोटं बोलतो?"

"मी बोललो."

"मग शपथ घे. ज्याला गोळी लागली म्हणतोस, त्या पोराची शपथ घे."

अगे बाये, हे काय मागून बसली! पोर तिकडे जिवंत आहे की नाही हे गुणाजीला माहीत नव्हतं, आणि त्याच्या डोक्यावर खोटी शपथ? त्यानं मनमोहनरावांकडे पाहिलं. ते भलतीकडेच बघत होते. आतलं कण्हणं थांबलं. थांबलं, हे सगळ्यांना ऐकू आलं.

"दौलतची शपथ," गुणाजी म्हणाला. "भोवरा नाही."

डाव्या गालावर तळहात घट्ट दाबून त्यानं मैनेचं तोंड वळवलं आणि उजवा गाल बाईंपुढे केला. बाईंनी बोटं फिरवली. केस सरळ, साफ. त्या बाजूला झाल्या.

वासंतीला गादीसकट बग्गीत ठेवलं. बाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या, मनमोहनराव पायाशी. गुणाजीनं चाबूक हातात घेतला नाही, मैनेला तो लागतच नव्हता. माटुंग्याच्या अलीकडे पोरांनी हातगाड्या आडव्या घातल्या होत्या. बग्गी आणि आतला कोट बघून दोनचार दगड उचलले गेले.

"मारा!" गुणाजी उभा राहून ओरडला. "लालबागचो गुणाजी असंय मी! माझ्या झिलाच्या मांडीत गोळी असा. आता बापसाक दगड मारा, म्हणजे झाला!"

पोरं खजील झाली. हातगाड्या बाजूला झाल्या. एकानं तर मैनेच्या पुढं धावत जाऊन पुढचा रस्ता मोकळा करून दिला.

चार वाजता वासंतीला मुलगी झाली. आई वाचली, लेक वाचली. अजून अर्धा तास गेला असता तर दोघीही हाती लागल्या नसत्या, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मृणालिनीबाई रडत हसत बाहेर आल्या आणि मैनेच्या कपाळाला हात लावून पाया पडल्या. गुणाजी तसाच उभा होता, हात तिच्या डाव्या गालावर. त्या आत गेल्या.

मग मनमोहनराव आले. चेहऱ्यावर रंग परतला होता, कोट झटकलेला होता.

"घोडी आता विकत नाही मी," ते म्हणाले. "पण तू बागेत नकोस. जो माणूस माझ्या जनावराबद्दल खोटं पसरवतो, त्याच्या हाती मी तबेला देत नाही. सगळ्या तबेलेवाल्यांना सांगणार आहे."

गुणाजीनं लगाम त्यांच्या हातात दिला आणि मैनेच्या गालावरचा हात काढला.

उन्हात भोवरा लख्ख दिसत होता. मनमोहनरावांनी तो पाहिला. बराच वेळ पाहिला. मग त्यांनी आत, बाई गेल्या त्या दाराकडे पाहिलं, आणि स्वतःच पुढे होऊन मैनेचं तोंड भिंतीकडे वळवलं.

"दिसलं ना, मालक?" गुणाजी म्हणाला.

"काय दिसायचंय?" मनमोहनराव म्हणाले. "भोवरा नाही, असं तूच म्हणालास. पोराची शपथ घेऊन."

गुणाजी त्यांच्या तोंडावर थुंकला असता. पण 'पोराची शपथ' एवढेच दोन शब्द त्याच्या कानात राहिले आणि बाकी सगळं त्याला विझल्यासारखं झालं. नोकरी गेली, नाव गेलं, मैना गेली, ते सगळं मागं पडलं. तो वळला आणि चालायला लागला. दादर येईपर्यंत चालत होता. पुढं मात्र साठ वर्षांचा म्हातारा धावत सुटला. जा, जा, असं कुणाला तरी म्हणत होता. यमाला म्हणत होता की स्वतःला, देव जाणे. परळच्या नाक्यावर पोलिसानं काठी आडवी घातली, तिच्याखालून तो वाकून गेला.

इस्पितळात खाटा पुरल्या नव्हत्या, माणसं जमिनीवर टाकलेली होती. प्रत्येक चेहऱ्यावरची चादर सारून बघत तो पुढं सरकत होता. भिंतीकडच्या कोपऱ्यात दौलत पडला होता. डोळे मिटलेले, ओठ सुकलेले, अंगात हालचाल नाही.

गुणाजी धाडकन गुडघ्यांवर बसला आणि हाताला आला तो पाय त्यानं दोन्ही हातांनी गच्च आवळून धरला.

"आये गे!" दौलत असा बोंबलला, की अख्खी खोली जागी झाली. "ओ बाबा, सोडा! तोच पाय असा तो!"

गुणाजीनं पाय सोडला. नर्स ओरडत आली, शेजारचा शिव्या घालायला लागला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि पोराच्या तोंडावरून हात फिरवता फिरवता तो एकच म्हणत होता,

"बोंबल रे झिला, बोंबल. आणखी मोठ्यान बोंबल."