गुप्त म्हणजे गुप्त

“सही करायची म्हणजे कुणाच्या पैशासाठी, ते तरी कळू दे.” त्याने पेनाला टोपण पुन्हा लावलं.

“काका, देणगीदाराचं नाव गुप्त आहे. पहिल्या दिवशी तुम्हीच मला बजावलं होतं. गुप्त म्हणजे गुप्त.”

मॅडम त्याच्या मुलीच्या वयाच्या होत्या. कॉलेजच्या देणगी विभागात त्या साहेब होत्या आणि तो सत्तावीस वर्षं नोकरी झालेला जुना कारकून. एकदा खुद्द अध्यक्षांनी चहा पाजून त्याच्याकडून एक नाव काढायचा प्रयत्न केला होता. त्याने चहा प्यायला, कप विसळून ठेवला आणि अध्यक्षांना नमस्कार केला.

आता कुणीतरी वाचनालयाची अख्खी अभ्यासिका नवी करून देत होतं. अट एकच, तिला या कारकुनाच्या बायकोचं नाव द्यायचं. ती तिथे एकोणीस वर्षं पुस्तकं देण्याघेण्याच्या काउंटरवर होती. तिला जाऊन चौदा महिने झाले होते. गेलेल्या माणसाचं नाव द्यायचं तर घरच्यांची संमती लागते. त्या संमतीपत्राचा नमुना कधीकाळी त्यानेच टाइप केलेला.

“नाव कळल्याशिवाय सही नाही,” तो म्हणाला.

“पत्रातली एक ओळ वाचते. तिच्यातून कोण ते कळत नाही.” मॅडमनी फाइल स्वतःकडे तिरकी धरली. “‘शिक्के मारताना त्या गुणगुणायच्या. ते ऐकू येईल अशी माझी खुर्ची ठरलेली होती.’”

बत्तीस वर्षांच्या संसारात ती घरात कधी गुणगुणली नव्हती. भांडी घासताना नाही, कपडे वाळत घालताना नाही.

मॅडमना फोन आला म्हणून त्या बाहेर गेल्या. फाइल टेबलावरच राहिली.

पुरुषच असणार. त्याने मनातल्या मनात त्या माणसाला उंची दिली, इस्त्रीचा शर्ट घातला, दाट केस लावले. गेल्या वर्षी तिच्या नावाने एक साधी खुर्ची द्यावी म्हणून त्याने स्वतः अर्ज लिहिला होता. पाटी लावायला अमुक रकमेच्या खालची देणगी चालत नाही, हे दुसऱ्या कुणी सांगायच्या आत त्याने अर्ज फाडून टाकला होता. आणि हा कोण उपटसुंभ सरळ खोलीच देतो!

त्याने फाइलच्या दोरीची एक गाठ सोडली. दुसरीला हात लावला आणि थांबला. मग दोन्ही गाठी आधीपेक्षा घट्ट मारल्या. इथे बसलो तर उघडणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. संमतीपत्राची घडी खिशात घालून तो अभ्यासिकेत गेला.

काउंटरवर बायकोच्या वेळची मदतनीस बाई होती.

“या भाऊजी! आज वाट चुकलात?”

“ती गुणगुणायची का हो इथे?”

“कोण, ताई? दिवसभर! मी म्हणायची, घरी पण भाऊजींना असंच ऐकवता का? तर म्हणायच्या, छे गं, ते दमून येतात, त्यांना घर शांत लागतं.”

असं आपण कधी म्हणालो होतो? म्हणालोच असू. एखाद्या दिवशी, चपला काढता काढता.

“त्या खिडकीपाशी तर एक जण रोज येऊन—”

“नको.” त्याचा आवाज चढला. वाचणाऱ्या मुलींनी माना वर केल्या. “नाव नको, बाई.”

“अहो, नाव कुठं सांगतेय? नुसतं—”

“नुसतंही नको.”

खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. तो जाऊन बसला. काउंटर तिथून अगदी समोर दिसत होतं. मध्ये खांब नाही, कपाट नाही. उपटसुंभाने जागा मात्र नेमकी हेरली होती.

त्याने कागद उलगडला. ‘मृताशी नातं’ या रकान्यात ‘पती’ असं लिहिलं आणि खाली सही केली, तिच्या पेन्शनच्या कागदांवर केली होती तशी, पूर्ण नावाची.

सही झाल्यावरही तो उठला नाही. काउंटरवर बाई परत आलेल्या पुस्तकांवर शिक्के मारत होती. ठक्. मग जरा वेळाने ठक्. दोन शिक्क्यांच्या मधल्या वेळात तो कान देऊन बसून राहिला.