दुधाचा मान

मीरिम माझ्या पोटची पोरगी, पण मला वहिनी म्हणते. आमच्या किर्गिझ मुलखात, नारीनकडे, पहिलं नातवंड आजीआजोबांच्या ओटीत घालतात. ते त्यांचं शेंडेफळ होतं आणि जन्मदाते होतात दादा-वहिनी. मी तिला चाळीस दिवस पाजलं. मग सासूबाई आल्या आणि पाळण्यासकट तिला घेऊन गेल्या. मी दारात हसत उभी राहिले. रडले असते तर गावभर छी-थू झाली असती.

पुढे तीन मुलगे झाले, त्यांचे मनसोक्त मुके घेतले. मीरिमला मात्र एकोणीस वर्षांत चारचौघांत कधी जवळ घेतलं नाही. हात पुढे जायचा आणि आपोआप मागे यायचा. एकदाच, लोकांसमोर, कुणीतरी मला तिची आई म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

परवा तिचं लग्न झालं. नवऱ्याकडची माणसं मुलीच्या आईला, तिनं पाजलं म्हणून, दुधाचा मान देतात, एक भारी कोट. विहीणबाई मखमली कोट घेऊन सासूबाईंच्या पुढ्यात आल्या. सासूबाईंनी त्यांचा हात धरला.

"मला नको. पोरीला पाजलं ते हिनं. गुलबारा, ये गं पुढे."

घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं घोटभर कुमिस प्यायलेला माझा नवरा खाली मान घालून बसला. आणि माझं तोंड, जळलं मेलं, आपसूक बोलून गेलं, "असं काय हो आई! वहिनीला कसला आलाय मान? तुम्हीच तिची आई. तुमच्यासमोर मी हा कोट घातला तर लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"बरं बाई," सासूबाई म्हणाल्या आणि कोट अंगावर घेतला.

"सून असावी तर अशी!" शेजारची बातमा म्हातारी मोठ्यानं म्हणाली. बायकांनी माना डोलावल्या. खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मीरिम नवरीच्या पडद्याआड बसली होती. तिचा डोक्याचा रुमाल बांधायला मी पडदा अर्धा सारून आत गेले, तर तिचे डोळे लाल.

"कोट वहिनीला दे म्हणून महिनाभर आईच्या मागे लागले होते मी," ती म्हणाली. "रोज पाय दाबत होते तिचे. काल कुठे हो म्हणाली."

मी तिला छातीशी धरायला दोन्ही हात पुढे केले.

ती मागे सरकली. "राहू दे वहिनी. लोक बघतायत."