मेंब्रेनचं दहावं मिनिट

मिनिट पहिलं

पंप सुरू झाला आणि ऑपरेटरनं भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. दुपारचे तीन वाजून दहा. आणखी नऊ मिनिटांनी पंप आपसूक थांबणार होता, एक मिनिट विसावणार होता. त्या एका मिनिटाच्या नुसत्या विचारानं या चाळिशीच्या गड्याची पाचावर धारण बसली होती.

ते मिनिट त्यानंच तीन आठवड्यांपूर्वी काढून टाकलं होतं. आज त्यानंच परत घातलं.

मिनिट दुसरं

आधी टाकीचं सांगायला हवं. गावभरचं सांडपाणी इथं येतं, जिवाणू त्यातली घाण खातात, आणि त्या दाट तपकिरी पाण्यात मेंब्रेन बुडवलेलं असतं: पांढऱ्या दोऱ्यांसारख्या पोकळ नळ्या, हजारोंनी लटकवलेल्या. पंप नळ्यांच्या आतून पाणी ओढतो. पाणी आत येतं, गाळ बाहेर राहतो. ते पाणी इतकं नितळ असतं की पाहुण्यांना दाखवायला काचेच्या ग्लासात भरून ठेवतात. पीत मात्र कुणी नाही, साहेब तर नाहीच.

नऊ मिनिटं ओढायचं, एक मिनिट सोडायचं. त्या मिनिटात खालून येणारे हवेचे बुडबुडे नळ्यांवरचा गाळ झटकून टाकतात. मिनिट काढलं की गाळ थरावर थर बसतो, नळ्या कोंदतात, पंपाला धाप लागते. हे त्याला दादानं शिकवलं होतं. दादा, म्हणजे सख्खा मोठा भाऊ. याच प्लांटवर हेड ऑपरेटर. चार महिन्यांपूर्वी गेला.

मिनिट तिसरं

आज सकाळी साहेबांनी वहिनीला सगळ्यांसमोर उभं केलं. दादाच्या जागी तिला इथल्या लॅबमध्ये घेतलं होतं. मेंब्रेन धुण्याचं द्रावण तीच बनवायची.

"मेंब्रेन तुंबलंय," साहेब म्हणाले. "द्रावण बनवता की सरबत?"

"मापात बनवते, साहेब. वही बघा."

"वहीत काय, कुणीही काहीही लिहितं. उद्यापासून येऊ नका."

ऑपरेटर तिथंच होता. मूग गिळून उभा होता. वहीबद्दलचं ते वाक्य तिला नव्हे, आपल्यालाच लागू आहे, हे त्याला पक्कं माहीत होतं.

मिनिट चौथं

इथली एक रीत होती. कालचं रीडिंग बघायचं, शेवटचा आकडा थोडा वरखाली करायचा, आज लिहायचा. सगळेच करत. त्याला चोरी म्हणत नसत, 'उतरवणं' म्हणत.

चार महिन्यांपूर्वी, त्या दिवशी, मैल्याच्या विहिरीतल्या पंपात चिंध्या अडकल्या होत्या. उतरण्याआधी आतला विषारी गॅस मोजायचा असतो. गॅसचं मीटर वरच्या मजल्यावर, कपाटात. जिना चढायचा कंटाळा आला, म्हणून त्यानं कालचा आकडा उतरवला.

"बघितलंस का रे?" दादानं कमरेला दोर बांधत विचारलं.

"बघितलं."

"नीट?"

"तू उतर रे, म्हातारबा."

दादा हसला आणि उतरला.

मिनिट पाचवं. सहावं.

काही नाही. पंप चालू. वहिनी लॅबमधून आली आणि त्याच्याशेजारी उभी राहून दाबाच्या काट्याकडे बघू लागली. सकाळपासून ती रडली नव्हती.

मिनिट सातवं

"हे चक्र कुणी बदललं होतं, भाऊजी?" तिनं पॅनेलवरची नोंद वाचून विचारलं. "विश्रांती साठ सेकंद. मग तीस. मग दहा. मग शून्य. आणि आज पुन्हा साठ."

त्यानं घड्याळाकडे पाहिलं.

"म्हणजे माझं द्रावण बरोबर होतं."

"बरोबर होतं, वहिनी."

"मग सकाळी तोंडाला काय कुलूप लागलं होतं?"

मिनिट आठवं

विहिरीत उतरलेला माणूस शिडीवर पान्यानं तीन ठोके मारतो, म्हणजे वर ओढा. त्या दिवशी तीन ठोके आले. त्यानं ओढलं. दोराला जे आलं ते नुसतं वजन होतं.

त्यानंतर पंधरवड्यानं, पंप विसावलेला असताना, टाकीच्या पाइपातून तीन ठोके आले. पाइपात हवा असेल, म्हणून त्यानं कानाडोळा केला. दहा मिनिटांनी पुन्हा तीन. तासाला सहा वेळा. दिवसभर. पंपाच्या घरघरीत ते ऐकू येत नसत, फक्त त्या मिनिटात. म्हणून त्यानं ते मिनिट कातरत नेलं, कातरत नेलं, आणि शेवटी

मिनिट नववं

"विचारतेय मी," वहिनी म्हणाली.

सेकंदकाटा

मिनिट दहावं

पंप थांबला.

टाकीत बुडबुडे फुटत होते. बाकी शांत.

ठक. ठक. ठक.

त्यानं वहिनीकडे पाहिलं. ती काट्याकडेच बघत होती. दाब उतरू लागला होता. मेंब्रेन हळूहळू मोकळं होत होतं.

"वहिनी," तो म्हणाला, "त्या दिवशी मीटर कपाटातच होतं."

ती वळली.

"मी मोजलंच नव्हतं. कालचा आकडा उतरवला. त्यानं मला विचारलं, दोनदा विचारलं, आणि मी"

पंप सुरू झाला. त्याचे ओठ हलत राहिले, शब्द घरघरीत बुडाले. त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या वाटण्याची लाजही वाटली.

वहिनीनं हात लांब केला आणि पंप बंद केला.

मिनिट अकरावं, जे चक्रात नसतं

"पुढे," ती म्हणाली.

त्यानं सगळं सांगितलं. जिना, कंटाळा, म्हातारबा, दोर. पंप बंद असल्यानं टाकीतलं पाणी वर चढत होतं. दोघांनाही ते दिसत होतं.

"साहेबांना फोन लावा," अखेर ती म्हणाली. आवाज अगदी सपाट होता. "आधी या मिनिटाचं सांगा. मग विहिरीचं. माझ्यासमोर."

"नोकरी जाईल माझी. कदाचित आतही..."

"लावा."

त्यानं फोन लावला. त्याला वाटत होतं, एकदा सांगून टाकलं की ठोके थांबतील. ते थांबले नव्हते. उलट आता त्यांना साठ सेकंदांची मर्यादाही नव्हती. ठक ठक ठक, ठक ठक ठक, पाइपातून, पायाखालच्या जाळीतून.

"हां, बोल," पलीकडून साहेब म्हणाले.

वहिनी समोर हाताची घडी घालून उभी होती. तो बोलू लागला, ठोक्यांच्या वर आवाज चढवून.