अतुलच्या मोटारसायकलवरचा तिखट कानांचा पहारेकरी

मित्रांनो, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ट्रॉय नावाचे गाव आहे. तिथल्या एका गॅरेजमध्ये, हिवाळी हातमोज्यांच्या खोक्यात, पत्त्यांच्या जोडाएवढी काळी डबी पडलेली तुम्हाला दिसेल. तिच्या रबरी कडा उन्हाने तडकल्या आहेत. ती डबी म्हणजे मी, एक जुना रडार डिटेक्टर.

नाव अवघड असले तरी माझे काम सोपे आहे. गाड्यांचा वेग मोजायला पोलीस एक यंत्र वापरतात. त्यातून डोळ्यांना न दिसणाऱ्या आणि कानांना ऐकू न येणाऱ्या लहरी निघतात. मला त्या कळतात. कळल्या की मी लाल दिवा लावतो आणि ओरडतो. लहर कोणी सोडली आणि कशासाठी, हे मात्र मला सांगता येत नाही. माझी सगळी गोष्ट या शेवटच्या वाक्यामुळे घडली, म्हणून ते लक्षात ठेवा.

कारखान्यात माझी बरीच परीक्षा झाली. मला पाण्याखाली धरले. थरथरणाऱ्या टेबलावर दोन दिवस बांधून ठेवले. कारमधल्या माझ्या भावंडांना हे सोसावे लागत नाही, कारण ती काचेआड बसतात. मला मात्र मोटारसायकलच्या हँडलवर, ऊनपावसात बसायचे होते. परीक्षा संपल्यावर मला खोक्यात घातले आणि मी माणसाची वाट पाहत पडून राहिलो.

तो माणूस म्हणजे अतुल. तो मूळचा नागपूरचा. मोटारी बनवणाऱ्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचे काम करायचा. अमेरिकेत येऊन त्याला अकरा वर्षे झाली होती, पण कायम राहण्याच्या परवानगीची त्याची फाइल अजून रांगेतच होती. एका पिकनिकला कोणीतरी त्याला सांगितले होते, ‘एक तिकीट लागलं तरी फाइल अडकते बरं का.’ तिकीट म्हणजे पोलिसांनी रस्त्यावर दिलेली दंडाची चिठ्ठी. हे खरे की खोटे, अतुलने कोणालाच विचारले नाही. त्याने ते मनात ठेवले आणि ते तिथे वाढत गेले.

त्या वर्षी त्याने मोटारसायकल घेतली आणि लगेच माझा शोध सुरू केला. बाहेर फेब्रुवारीचा बर्फ होता. रोज जेवण झाले की तो लॅपटॉप उघडून बसे. चौदा डिटेक्टरांचा त्याने मोठा तक्ता केला होता. त्याची बायको उपासना म्हणाली, “माझं स्थळ बघताना तरी इतका अभ्यास केला होतास का?”

“तेव्हा ऑप्शन्स कमी होते,” अतुल म्हणाला.

राकेश हा त्याचा मित्र. बारा वर्षे मोटारसायकल चालवणारा. त्याने फोनवर “जय भीम” म्हणून लगेच विचारले, “घेतलंस का रे?”

“फायनल दोन आहेत. एक मीडियम रेंजचा, आणि एक असा, की दोन मैलांवरचंही पकडतो.”

“मीडियम घे. हे बघ, बाइकवर चारच गोष्टी बघायच्या. पाणी आत जायला नको. उन्हात दिवा दिसला पाहिजे. आवाज हेल्मेटच्या आतल्या स्पीकरमध्ये आला पाहिजे, नाहीतर वाऱ्यात काही ऐकू येत नाही. आणि चौथी सगळ्यात इम्पॉर्टंट, उगाच ओरडायला नको. फार तिखट कानांचा घेशील तर डोकं खाईल तो तुझं.”

“पण एखादा पोलीस सुटला तर?”

“तू लिमिटच्या खालीच ड्राइव्ह करतोस यार. सुटला तर सुटला.”

अतुलने पहिल्या तीन गोष्टी ऐकल्या. चौथी ऐकली नाही. दोन मैलांवरचे पकडणारा तो मीच.

माझ्या पाठीवर एक बटण आहे. ते दाबले की मी शहरातल्या बारीकसारीक लहरी सोडून देतो आणि ठळक तेवढ्याच सांगतो. माहितीपुस्तकात अतुलने ते वाचले, त्यावर बोटही ठेवले. मग बोट काढून घेतले. मला पूर्ण जागे ठेवूनच त्याने हँडलवर बसवले.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. ऑफिसमधले लोक मला पाहायला येत. अतुल रोज मऊ फडक्याने मला पुसत असे. पण एप्रिल उजाडला, रस्ते मोकळे झाले आणि मी दर दोन मिनिटांनी ओरडू लागलो. बाजूने जाणाऱ्या नव्या गाड्यांमध्ये शेजारची गाडी ओळखणारी छोटी रडारे असतात. मी त्यांना पाहून ओरडे. मी ओरडलो की अतुल ब्रेक दाबे. वेग आधीच कमी असला तरी दाबे. मी सांगत होतो, ‘इथे काहीतरी आहे.’ तो ऐकत होता, ‘आता पकडले.’ एवढे अंतर आमच्यात होते, आणि ते मिटवायला माझ्याकडे शब्द नव्हते.

मे महिन्यात अतुलची आई आली. रत्नाबाई नागपूरच्या एका शाळेत चौथीच्या वर्गाला तीस वर्षे शिकवून निवृत्त झाल्या होत्या. जन्मभर स्कूटरच्या मागे बसलेल्या, त्यामुळे मोटारसायकलची त्यांना भीती नव्हती. एका रविवारी सकाळी राकेशच्या घरी बुद्धवंदना होती. उपासना स्वयंपाकाची भांडी घेऊन कारने पुढे गेली. हेल्मेट घालून, ओढणीला गाठ मारून रत्नाबाई अतुलच्या मागे बसल्या.

बिग बीव्हर नावाचा मोठा रस्ता आहे. मर्यादा ताशी पंचेचाळीस मैलांची, अतुल बेचाळीसने चालला होता. औषधांच्या एका दुकानासमोर मी ओरडलो. अतुलने ब्रेक दाबला, तो नेहमीपेक्षा जोरात.

मागून पिकअप ट्रक येत होता. त्याची चाके रस्त्यावर किंचाळली. ट्रक आमच्या मागच्या दिव्यापासून हातभर अंतरावर थांबला. ड्रायव्हरने बाजूला येऊन काच खाली केली. ठीक आहात ना, असे विचारले. मग शांतपणे म्हणाला, की रस्त्यावर तर काहीच नव्हते.

अतुलने गाडी कशीबशी दुकानाच्या आवारात घेतली. त्याने आईला कठड्यावर बसवले आणि पाणी आणायला आत गेला. त्याने बंद न केल्यामुळे मी जागाच होतो. रत्नाबाई माझ्याकडे पाहत बसल्या.

तो पाणी घेऊन आला तेव्हा त्या म्हणाल्या, “अतुल, परत आत जा बरं.”

“काऊन? अजून काही पाहिजे?”

“जा म्हटलं ना.”

तो गेला. दार सरकले. मी ओरडलो.

“आता बाहेर ये.”

तो बाहेर आला. मी पुन्हा ओरडलो. रत्नाबाईंनी त्याला तीन वेळा आत-बाहेर करायला लावले. दुकानातली मुलगी काउंटरवरून बघत राहिली.

“मी केव्हाची पाहून राहिले,” रत्नाबाई म्हणाल्या. “दार उघडलं की हा बोंबलते. एक आजी गेली, बोंबलला. एक पोरगा आला, बोंबलला. तुझा पोलीस दारात बसलाय का?”

माणूस आला हे ओळखून आपोआप सरकणाऱ्या त्या दारावर एक छोटे रडार होते. मी आजवर त्यालाही भक्तिभावाने ओरडत आलो होतो.

अतुल त्यांच्याशेजारी कठड्यावर बसला. तो म्हणाला, “आई, फाइल अडकेल म्हणून...”

“तू जोरात चालवतो का?”

“नाही.”

“मग तो पकडून पकडून काय पकडन? फाइल तर रांगेत हाय बाप्पा. आपणच आज रांगेतून गेलो असतो, जिवानिशी.”

अतुल उठला. त्याने माझ्या पाठीवरचे बटण शोधले आणि दाबले. दुकानाचे दार पुन्हा सरकले. मी गप्प राहिलो.

राकेशच्या घरी उपासनाला सगळे कळले. तिने आवाज चढवला नाही. “महिनाभर बघते,” ती म्हणाली. “आई मागे असताना परत असं झालं तर बाइक विकायची. डिस्कशन नाही.” अतुलने मान डोलावली. बोलणे तिथेच संपले.

त्या महिन्यात मी फार कमी बोललो. सांगायला वाईट वाटते, पण मला ते आवडले. पूर्वी शंभर वेळा ओरडून मी काही सांगत नव्हतो. आता दिवसातून दोनदा बोलायचो आणि माझे ऐकले जायचे. राकेशची चौथी गोष्ट अशी उशिरा का होईना, ऐकली गेली.

जूनच्या शेवटच्या रविवारी आम्ही त्याच रस्त्याने निघालो. मागे रत्नाबाई होत्या. उपासना कारमधून आमच्या मागे येत होती. तिने मुद्दामच तसे ठरवले होते. औषधांच्या दुकानापुढच्या वळणावर मी ओरडलो. या वेळी दार नव्हते. झाडाखाली खरोखरच पोलिसांची गाडी उभी होती, तिच्या खिडकीत वेग मोजणारे यंत्र होते.

अतुलचे बोट ब्रेकवर गेले. क्षणभर मला वाटले, झाले.

त्याने आरशात पाहिले. मग वेगाच्या काट्याकडे पाहिले. काटा त्रेचाळीसवर होता. त्याने बोट उचलले आणि आम्ही त्याच वेगाने पुढे गेलो. पोलिसाने मानही वर केली नाही. रत्नाबाईंनी अतुलच्या पाठीवर दोन थापा मारल्या, चौथीतल्या मुलाला मारतात तशा. मागे उपासनाच्या गाडीलाही ब्रेक दाबावा लागला नाही.

मोटारसायकल विकली गेली नाही. मला मात्र पुढच्या उन्हाळ्यात त्याने हँडलवरून काढले. आरसा आणि काटा पाहायची सवय लागलेल्या माणसाला माझी गरज उरत नाही. तुम्ही विचाराल, फाइलचे काय झाले? ती अजून रांगेतच आहे. मला कोणाचा राग नाही, पण खोक्यात पडल्या पडल्या कधी कधी तो रस्ता आठवतो. बॅटरी संपली आहे, पण कान अजून तिखट आहेत.

मित्रांनो, एवढीच विनंती आहे. तुमच्याकडचे कुठलेही यंत्र पुसून, जपून वापरा. त्याच्या पाठीवर कोणते बटण आहे ते आधी पाहा आणि ते कशासाठी आहे ते समजून घ्या. आणि कधी ते एकदम ओरडले, तर घाबरून ब्रेक दाबण्याआधी एकदा मागे कोण आहे ते बघा. तुमच्या पाठीशीही कोणीतरी बसलेले असते.